हाइदो विचारते

इयोआनिनाच्या संग्रहालयात
सोमवारी पाहुणे नसतात.
त्या दिवशी मी काचा पुसते.

तिसऱ्या कपाटात शिशाच्या पट्ट्या आहेत,
बोटाएवढ्या, काही तर नखाएवढ्या,
दोदोनीच्या मातीतून निघालेल्या.
लोक त्यांवर अणकुचीनं प्रश्न खरवडत,
घडी घालत, देवाच्या स्वाधीन करत.
देव ओकाच्या पानांतून बोलायचा म्हणे.
प्रश्न शिशात राहिले.
उत्तरं वाऱ्यावर गेली.

एलेफ्थेरियाबाईंना जुनी अक्षरं लागतात.
एकदा भिंग धरून त्यांनी मला एक वाचून दाखवली:
फिलिस्ता विचारते,
आंद्रोक्कास मेंढरं घेऊन समुद्राकडे उतरला,
त्याची वाट पाहू, की भावाकडे जाऊ?
आणि तांबडी गाय विकू का?

गाईपाशी मला हसू फुटलं.
मग ते आवरेना.
मग ते हसूच नव्हतं.

आम्ही पाथरवटांच्या गावचे, कोनित्साच्या वरच्या अंगाला.
आमच्याकडे पुरुष म्हणजे पाहुणा:
वसंतात खेचरावर छिन्न्या-हातोडे लादून निघायचा,
संत दिमित्रीच्या सणाला परतायचा,
किंवा नाही.
आज्यानं नद्यांवर कमानी टाकल्या, दुसऱ्यांच्या गावात.
आमच्या ओढ्यावर अजून फळकुट आहे.
बापाला पाथरवटांची चोरबोली यायची,
मालकासमोर मालकालाच शिव्या देता याव्यात म्हणून केलेली.
मुलींना ती शिकवत नसत.
चुलीपाशी बसून मी तीन शब्द उचलले:
दगड, भाकरी, निघू या.

स्तेर्गिओस श्टुटगार्टला गेला. दोन वर्षं, म्हणाला.
पहिल्या वर्षी पैसे आले आणि पत्र.
दुसऱ्या वर्षी नुसते पैसे.
मग एक फोटो आला,
त्यात मोटार होती. तो नव्हता.

पलीकडच्या दालनात आमचा राजा आहे,
हत्ती घेऊन समुद्रापार गेलेला,
जिंकता जिंकता रिता झालेला.
शाळांच्या सहली तिथंच थांबतात.
हत्तींना चारा कोण घालायचं? मी एकदा विचारलं.
वाटाडी पोरगी म्हणाली, मावशी, बादली बाजूला घ्या.

परवा चॉकलेटची चांदी नखानं सपाट केली,
केसातली पिन काढली,
आणि काचेवर ठेवून लिहिलं:
हाइदो विचारते,
गावच्या घराच्या छपरावरचे दगड सरकलेत,
ते नीट बसवून घेऊ का?

त्याच्याबद्दल नाही विचारलं.
लिहायला बसले तेव्हा
आठवलंच नाही, खरं सांगते.

चांदीची घडी घातली.
संग्रहालयामागे ओक नाही, चिनार आहे एक,
त्याच्या ढोलीत ती सरकवली
आणि थोडा वेळ उभी राहिले.
वारा पडलेला. पान हलेना.

मग बादली ओतली
आणि मिस्त्र्याला फोन लावला.
अल्बानियाचा आहे, सीमेपलीकडून येतो.
म्हणाला, गुरुवारी येतो बाई,
जेवायला काही करू नका,
बायकोनं बांधून दिलंय.