काजळीचा हिशेब

पुण्यातून ते दोन मेघ दिसत नाहीत.
धाकटा उगवतच नाही,
थोरला डिसेंबरात कात्रजच्या डोंगरावर बोटभर येतो म्हणे.
तेवढ्या बोटात बायपासचे दिवे, कुणी पेटवलेला पालापाचोळा,
आणि आपली सगळ्यांची धूळ.
अकरा वर्षं मी त्यांच्यावर काम करते.
डोळ्यांनी एकदाही पाहिलेले नाहीत.

गणेशखिंडीतल्या खोलीत
स्क्रीनवर सात हजार ओळी,
एका ओळीत एक म्हातारा तारा.
वर्ष-सव्वा वर्षात एक श्वास:
फुगतो, ओसरतो,
दर खेपेला थोडं अंग सुटतं,
वर जाऊन गार होतं, कण धरतं.
होता होता तारा आपल्याच काजळीआड जातो.
साध्या दुर्बिणीला तिथे काही नसतं.
उष्णता पाहणाऱ्या दुर्बिणीला
नुसती ऊब दिसते.

आधी ऑक्सिजनच्या प्रत्येक अणूचं
एकेका कार्बनशी लग्न लागतं,
घट्ट, काडीमोड नाही.
जे कार्बन बिनलग्नाचे उरतात
त्यांची काजळी होते.
जुईली केंजळे हे पोरांना शिकवते तेव्हा
माझ्याकडे बघायचं टाळते.
मला हसू येतं.

अण्णा चिंचवडला टायरच्या कारखान्यात, मिक्सिंगला.
पोतं फोडायचं, काळी पूड ओतायची,
सत्तावीस वर्षं.
घरी आले की मोरीत रॉकेल, मग वडी, मग काथ्या.
निवृत्तीनंतरही पाच वर्षं
उशीच्या अभ्र्यावर डोक्याएवढा करडा डाग उमटायचा.
आईने लिंबू चोळून पाहिलं, सोडा पाहिला,
शेवटी काळ्या सुताचे अभ्रे शिवले
आणि तो विषय संपवला.

त्या आकाशगंगा तशा गरीब.
आधीच्या पिढ्यांनी जड मूलद्रव्यं फारशी ठेवलेली नाहीत.
तरी हे तारे काजळी करतात,
कारण हा कार्बन वारशातला नाही,
पोटात शिजवलेला,
तळातून उपसून वर आणलेला.
(अण्णा भूमहून एक पत्र्याची पेटी घेऊन आले होते.
पेटीत काय होतं विचारलं तर म्हणतात, कुलूप.)

आता पाषाणच्या घरात
भाड्याचं मशीन रात्रभर हवेतून ऑक्सिजन गाळतं.
त्याचा घुर्र आवाज, त्यावर त्यांचा श्वास.
मी मोजते. सवयच ती.

एका रात्री त्यांनी विचारलं,
तुझं ते काम कुठवर आलं?
म्हटलं, हिशेब जुळत नाही.
ताऱ्यांनी जेवढी धूळ दिली असं आम्ही धरतो
त्याहून जास्त धूळ तिथे पडून आहे.
शंभरातले चार तारे जवळपास सगळं काम करतात,
आणि तेच सापडायला सगळ्यात अवघड.

बराच वेळ मशीनच बोललं.
मग नळी जरा बाजूला करून म्हणाले,
आमच्याकडं बी तसंच.
रजिस्टरात पोती कमी, जमिनीवर पूड जास्त.
साहेब म्हणायचे, चोरी उलटी कशी होते?
रात्रपाळीवाले लिहीतच नव्हते, बाई.
दिवा मिणमिणता, हात बरबटलेले,
पेन कोण धरणार?

दुसऱ्या दिवशी मी
टाकून दिलेल्या ओळी पुन्हा उघडल्या:
फार लाल, फार मंद,
शेऱ्याच्या रकान्यात 'बहुधा दूरची आकाशगंगा'.
नव्या रकान्याला नाव दिलं, रात्रपाळी.
जुईलीने विचारलं, हे काय?
म्हटलं, तात्पुरतं आहे.

तीन आठवडे गेले. पाषाणची थंडी वाढली.
बहुतेक ओळी खरंच दूरच्या आकाशगंगाच निघाल्या.
अण्णांचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं.
मग एक ओळ हलली,
सहाशे बारा दिवसांचा एक श्वास.
मग आणखी दोन. मग एक.

सापडलं का काही?
चार.
हिशेब बसला?
नाही. पण चार सापडले.
त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले.
मग हळूच:
हजेरी लाव त्यांची.