उतारू

शिमगा सरला. पालखी देवळात गेली
आणि अख्खा गाव पिशव्या घेऊन
राजापूर रोडला माझ्या खिडकीसमोर उभा राहिला.

काचेला आतून चिकटवलेला कागद:
या स्थानकावरून पॅसेंजरला फक्त नव्वद तिकिटं.
खाली शिक्का. सही लागत नाही.
पंख्याच्या वाऱ्यावर कागदाचा सुटलेला कोपरा
हो-नाही, हो-नाही करतो.

गाडी सावंतवाडीलाच भरते,
कणकवलीला दारं पाठींनी बंद होतात.
संडासात चौघं आणि एक ढोल.
गेल्या शिमग्याला बोगद्यात शेवंती पांचाळची शुद्ध हरपली,
पण ती पडली नाही,
पडायला जागा नव्हती.
उभ्याउभ्या बेशुद्ध, रत्नागिरीपर्यंत गेली,
बाजूच्याला वाटलं, डोळा लागलाय बाईचा.

माझा बाप खाडीवर तर चालवायचा.
होडीच्या अंगावर बाहेरून पांढरी रेघ,
दर दिवाळीनंतर स्वतःच्या हातानं पुन्हा ओढलेली.
पाणी रेघेला टेकलं की वल्हं आडवं:
'बस्स. आता पुढच्या फेरीला.'
मग समोर तलाठी असो, नाहीतर सख्खी मेव्हणी.

एकदा त्यानं अब्बास फणसोपकरला ठेवलं धक्क्यावर.
बोटीवर खलाशी लागायचा होता तो,
दुसऱ्या दिवशी मुंबईत हजेरी.
फेरी चुकली, म्हणून एसटी चुकली,
म्हणून समुद्रच चुकला.
चाळीस वर्षं पेठेत सुया-दोरे विकले अब्बासभाईंनी
आणि बाप दिसला की एवढंच:
'धाकू, एका माणसानं बुडली असती काय रे तुझी होडी?'
त्या दिवशी बाप ओट्यावर
कितीतरी वेळ पायाची वाळू झटकत बसायचा.

बुडली नाही ना होडी.
हाच घोळ आहे रेघेचा.
न बुडलेल्या होडीला साक्षीदार नसतो.
धक्क्यावर राहिलेल्याला तोंड असतं, नाव असतं,
आणि रोज पेठेत जायचंच असतं आपल्याला.

गाडीला तर पाणीच लागत नाही कुठे.
कितीही भरा, रूळ हूं की चूं करत नाहीत.
म्हणून रेघ आता कागदावर आलीय
आणि वल्हं माझ्या हातात.

अठ्ठ्याऐंशी. एकोणनव्वद: एक म्हातारा, पनवेल,
सुटे पैसे दोनदा मोजून.
नव्वद: नर्सिंगची मुलगी, कानात वायरी.
नंतर ती. बोटाला मुलगा, काखेत काजूगरांची पिशवी.
'ताई, उद्या नाय गेले तर दुसरी बाई ठेवतील हो कामाला.'
मी म्हटलं, उद्या आहे गाडी, याच वेळेला.
मला माझाच आवाज ओळखीचा वाटला,
माझा नव्हे म्हणून.

'डबे वाढवा की!' मागून कोणीतरी ओरडलं.
खरं होतं त्याचं.
चार डबे जोडले असते तर हा कागद
पुडी बांधायलाही उपयोगी पडला असता.
पण डबे मागायची खिडकी
या स्थानकात नाही.

मी खिडकी लावली. गाडी आली.
कागद तिकिटं मोजत होता,
माणसं त्याच्या बाजूनं चढली.
नव्वद चढली, मग नव्वदीच्या बाहेरची चढली,
रांगेत नव्हती तीही चढली,
एक जण खिडकीतून, आधी पाय घालून.
चढणाऱ्यांना आपण उतारू का म्हणतो
हे मला आजवर कळलेलं नाही.

गाडी गेल्यावर फलाटावर बघते तर
एकटी ती. ती आणि मुलगा.
एवढ्या गर्दीत
माझं ऐकलेली एकच.

पिशवीवर बसून त्याला भाकरी भरवत होती.
मुलगा रुळात उतरायला बघत होता.
'उतरू नको रे,' ती म्हणाली, 'गाडी येईल.'
चोवीस तासांना
पाच मिनिटं कमी होती.