हातगुण

केळीच्या घडाला हात न लावता सांगतो मी
कोनाची धार किती गेली, भरती किती आली,
दिल्लीपर्यंत टिकेल की मथुरेतच पडेल नरम.
सावद्याला एकोणीस वर्षं हेच करतोय.
ट्रक भरताना व्यापारी
माझ्या मानेकडे बघतात, हलते की नाही.

मनवाला तिसऱ्या रात्रीही ताप चढला
आणि मला काही म्हणजे काही पारखता येईना.

शेजारच्या कुसुमबाई फिरके म्हणाल्या,
फैजपूरवाल्याकडे जाय, त्याच्या हाताले गुन आहे,
माह्या नातवाले एका सुईत उभं केलं.
मेडिकलवाला जावळे काही बोलला नाही,
दोन चिठ्ठ्या उलटसुलट करून
एकीवर फक्त बोट ठेवलं.
मेव्हणा फोनवर: भुसावळ. सगळं काचेचं. टोकन येतं पडद्यावर.
ज्याच्या दारात गर्दी तो चांगला, हे ज्योत्स्नाचं मत;
गर्दीत तो पोरगी बघणार कधी, हे माझं.
यावरून आम्ही भांडलो, मध्ये मनवा,
तव्यासारखी.

फैजपूरला सुई झाली. दोन तासांत अंग गार.
ज्योत्स्नाने देवाजवळ साखर ठेवली.
रात्री अकराला ताप परत, साखरेला मुंग्या.

भुसावळला आमचा नंबर अठ्ठेचाळीस.
डॉक्टर चांगलाच असेल. भिंतीवर सात प्रमाणपत्रं होती,
मी सगळी वाचली, वेळ होता.
त्याने रिपोर्ट पाहिले, माझ्याकडे पाहिलं,
संगणकाकडे पाहिलं.
मनवा त्याचे बूट बघत बसली होती.

मग अत्तरदे डॉक्टरीणबाई. गिरणीच्या वर दवाखाना,
खाली दळण सुरू झालं
की टेबलावरचा पेला थरथरतो.
बाईंनी पंखा बंद केला. हात चोळून ऊबदार केले.
पोट दाबताना त्या पोटाकडे बघत नव्हत्या,
मनवाच्या तोंडाकडे बघत होत्या.
मी ताठ झालो खुर्चीत.
असंच तर बघतो मी. बोट फणीवर, नजर दांड्यावर.

"मला अजून कळलेलं नाही," त्या म्हणाल्या,
"उद्या सकाळपर्यंत थांबू. सुई नको."
ज्योत्स्नाचा चेहरा उतरला.
नाही कळलं म्हणणाऱ्याला पैसे मोजायचे?
मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.
बाईंनी चिठ्ठीच्या मागे स्वतःचा नंबर लिहिला.

रात्री अडीचला लावला. तिसऱ्या घंटीला उचलला.
आवाज झोपेतला, प्रश्न जागा:
"संध्याकाळपासून लघवी किती वेळा झाली?"
तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं.
आम्ही दोघं मोजायला लागलो, अंधारात, बोटांवर,
आणि त्या दिवसांत पहिल्यांदा
दोघांचा आकडा एकच आला.

सकाळी छातीवर बारीक पुरळ.
"आलं का? आता कळलं," बाई म्हणाल्या,
"ताप जाईल आता." गेला.

हल्ली कुणी विचारतं, पोरांसाठी कोण चांगलं?
ज्योत्स्ना म्हणते, हातगुण असतो एकेकाचा.
मी गप्प. कारण पुरळ दोन दिवस आधी उठलं असतं
तर तोच हातगुण फैजपूरचा झाला असता,
आणि उठलंच नसतं, तर गिरणीवरच्या बाईंबद्दल
मी काय काय बोललो असतो, मला माहीत आहे.
मागच्या वैशाखात माझाही एक ट्रक
मथुरेला नरम पडला होता. मान मीच हलवली होती.

एवढंच सांगतो: जिना अरुंद आहे,
पोराला कडेवर घेऊन चढा,
कठड्याला धरलंत तर पीठ लागेल हाताला.