चार हजार एकशे बारा

चेकिंगच्या टेबलावर, ट्यूबलाइटच्या गुणगुणीत,
सगळा पौष आम्ही एका गावाच्या घड्या घातल्या.
पांढरा टेरी, तीस बाय साठ,
कोपऱ्यात निळं बदक,
बदकाच्या पोटाखाली गावाचं नाव.
अमेरिकेतलं. तळ्याकाठचं.
ते वाचायला मास्तरांना बोलावलं,
त्यांनी दोनदा वाचलं, दोन्ही वेळा वेगळं.

सॅम्पल रूमच्या भिंतीवर त्या गावाचा फोटो होता.
वेशीवर हिरवी पाटी, पाटीवर आकडा:
चार हजार एकशे बारा.
"माणसं," मास्तर म्हणाले. "एवढीच आहेत तिथं. एवढेच टॉवेल."
"कोण मेलं की खोडतात काय की," पोशव्वा म्हणाली,
"आन् बाळंतीण झाली की?"
मास्तर हसले नाहीत.
ते डझन मोजत होते, मध्ये बोललं की चुकायचे.

एवढी माणसं तर आमच्या विडी घरकुलात
पाण्याच्या दिवशी नळापुढं उभी असतात.
पाणी पाचव्या दिवशी येतं. कधी सहाव्या.
आणि आम्ही बोटांनी चाचपून बघायचो
तळ्यातून निघालेल्या माणसाचं पाणी
हे कापड पुरतं पितं की नाही.

धागा कातरता कातरता
मी प्रत्येक घडीत एकेक जण ठेवत गेले.
होडी भाड्यानं देणारा, पुढचे दोन दात नसलेला.
एक म्हातारी, जिचा चष्मा तळ्यात पडलाय
आणि ती रोज काठावर जाऊन बघते, वर आला का.
हॉटेलवाला, ओल्या पायांनी जिन्यावर चढलेलं ज्याला खपत नाही.
त्याची बायको, जिला खपतं.
माझं वाटपच चालू होतं.

थंडीत ते तळं दगड होतं म्हणे,
वरून गाडी चालवतात.
हे आम्ही कुणीच मानलं नाही.
आमच्या कंबर तलावात जलपर्णीवरून बगळा चालतो,
तोसुद्धा पाय बघून टाकतो.

मग चैत्रात फोन आला.
हॉटेल बंद पडलं. माल नको.
मालक दुपारभर पंख्याखाली बसून राहिले,
संध्याकाळी म्हणाले, किलोवर काढा.

मंगळवार बाजारात ते गाव दोन दिवसांत संपलं.

आता अशोक चौकात सायन्ना न्हाव्याच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात बदक.
कडक भाकरीच्या टोपलीवर बदक.
रिक्षाची काच पुसून पुसून काळं पडलेलं एक,
त्याचं नाव आता कुणालाच वाचता येणार नाही.
तलावाच्या कठड्यावर चौदा वाळत होते परवा,
चव्वेचाळीस डिग्रीत, दहा मिनिटांत कडकडीत,
चौदाही तोंडं पाण्याकडं.
पोशव्वाच्या लेकीला मुलगा झाला दवाखान्यात,
नर्सनं म्हटलं स्वच्छ कापड द्या,
तर तो पहिल्यांदा रडला तेच त्या गावात.
पाटीवर कुणी लिहिलं असेल का तेरा?

शेवटचा हिशेब मास्तरांनी माझ्यासमोर केला.
तीनशे बेचाळीस डझन.
परत केला. तीनशे बेचाळीस.
"आठ कमी," ते म्हणाले, आणि माझ्याकडं नाही,
भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं,
जणू तिथूनच कुणी उठून गेलंय.

सांगते आता, एक मी नेला.
डब्याच्या पिशवीत, भाताच्या डब्याखाली.
ट्रंकेत आहे, घडी मोडलेली नाही,
पाण्याला अजून लावला नाही.

बाकीच्या सातांचं मला माहीत नाही.