बटण माझ्या बाजूला

पिकअपमध्ये माझ्या बाजूला एकही पेडल नाही.
तरी मोथ्याहून निघालो की पार धामणगाव गढीपर्यंत
माझा उजवा पाय रबराची चटई दाबत येतो.
चटईला तिथे भोक पडले आहे.
खालचा पत्रा दिसतो.

गाडी माझ्या नावावर, हप्ते माझ्या खव्यातून,
स्टिअरिंग माझ्या दिराचे, गेंदूचे.
मागे दुधाचे चौदा कॅन, खव्याच्या सहा पाट्या,
मिळून नऊशे किलो, आणि सगळा उतार.
पोळ्यानंतरच्या आठवड्यात एका वळणावर
गेंदूचा पाय ब्रेकवर गेला
आणि जातच राहिला,
उकडलेल्या बटाट्यात बोट जावे तसा.
लायनर जळल्याचा वास आला. आणि मला सुचले काय,
तर हा वास खव्याला लागला
तर हलवाई परत पाठवेल.
गाडी मुरमाच्या ढिगाने धरली.
त्या ढिगाचा मालक कोण, अजून कळलेले नाही.

म्हणून आम्ही परतवाड्याला,
मुनव्वर मिस्त्रीच्या पत्र्याखाली, खोक्यावर बसलेलो.
समोर पोत्यावर तीन एक्झॉस्ट ब्रेक.
गेंदूचा डोळा सगळ्यात मोठ्यावर.
भंगारातल्या ट्रकचा, बिडाचा, दोन हातांनी उचलायचा.
"हा घ्या. वजनदार हाय."
मिस्त्री म्हणाला, "याले हवेचा दाब लागते, भाऊ.
तुमच्या गाडीत हवेची टाकी कुठं हाय?
बैलाचं जू बकरीले बांधता का?"

दुसरा चकचकीत, विजेवर चालणारा, स्वस्त.
त्याची झडप मिटली की मिटली.
मिस्त्रीने बोटाने उघडझाप करून दाखवली,
म्हणाला, बटरफ्लाय.
मी पाहिले: काळे, एकाच पंखाचे फुलपाखरू
धुराच्या नळीत आडवे झोपणारे.
"ॲक्सिलेटर सोडला का हे आडवं होते.
धूर कोंडते. इंजिन सोताच्याच श्वासाले ढकलत बसते,
अन् गाडी मंद होते. लायनरले हातबी लागत नाई."
"अन् फार कोंडलं तर?"
त्याने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले.
"मंग आतले व्हॉल्व बसत नाईत, वयनी. इंजिन जाते."

फार कोंडलं तर काय होते
हे मला तसे ठाऊक होते.
पण ते इंजिनाबद्दल नव्हते, म्हणून बोलले नाही.

तिसरा जुनाच, पण त्याला एक स्प्रिंग.
दाब हद्दीपलीकडे गेला की झडप
आपणच करंगळीएवढी उघडते, थोडे सोडते,
पुन्हा धरते.
किंमत दुसऱ्याच्या दीडपट.
गेंदू म्हणाला, एवढ्यात तर दोन टायर येतात.
मी वहीत मागच्या पानावर हिशेब केला:
बावीस किलो खवा, आणि मुरमाचा ढीग शून्य रुपये.
"हाच," मी म्हटले.
"नळीचं माप पाहून घ्या. आमची अडीच इंची आहे.
आणि बटण माझ्या बाजूला."

गेंदू उठून पानटपरीकडे गेला.
मिस्त्रीने पाना खाली ठेवला.
"डायव्हर तो हाय ना?"
"हो. आणि पाय माझाही दुखतो."
चटई उचलून दाखवली. भोक पाहून तो हसला,
मग हसणे थांबवून, वायर किती लांब लागेल
ते मापत बसला.
"फक्त दोन गोष्टी. दुसऱ्या-तिसऱ्या गेरातच याचा जोर हाय.
अन् धुक्यात, ओल्यात बंद ठेवजा.
मागचं चाक धरलं तं गाडी आडवी होते.
चिखलदऱ्याचं धुकं तुमाले मी काय सांगू."

परवा उतरताना धुके नव्हते.
सहाव्या वळणाआधी गेंदूने तिसरा टाकला,
पाय उचलला, रस्त्यावरून नजर न हलवता
म्हणाला, "वयनी."
एवढेच.
मी बटण दाबले.
पोटातून भरड आवाज आला, म्हैस
दावणीला रेटून उभी राहते तसा,
आणि कॅन एकमेकांवर आदळले नाहीत.

पाय तरी चटईवर होताच.
भोकात थोडी माती साचली आहे,
ती बोटांना गार लागली.