राईचं पीठ

त्या प्रयोगाचं एकच परीक्षण शिल्लक आहे
आणि ते पोलिसांच्या खबऱ्यानं लिहिलंय.

ब्रनो, फेब्रुवारी शहात्तर. तिसऱ्या मजल्यावरचं
स्वयंपाकघर. प्रेक्षक एकोणीस, कोट वीस;
खुंटीवरचा एक कोट कुणाचाच नव्हता, म्हणतो.
नटी विवस्त्र. पीठ अंदाजे चार किलो.
चाळणीनं ते अंगावर चाळत, घाई न करता,
ती कामगारांची शपथ उलटीकडून म्हणते.
हेतू : राज्याची बेअब्रू असावी.
पीठ : राईचं, जाडंभरडं.

जाडंभरडं!
तीस वर्षं मी हीच नाटकं उकरतेय,
एकाही समीक्षकानं पिठाचा पोत नोंदवला नाही.
संहिता त्यांनी स्वतःच चुलीत घातली होती.
फोटो काढायची कुणाची छाती नव्हती.
उरला हा, टाइपरायटरचा मोडका 'र' घेऊन.

पान तीन : सतराव्या मिनिटाला दिवा गेला.
दोन मिनिटं काही दिसलं नाही.

हयात आहेत चौघं. त्यांचं कशावरच जमत नाही,
ती गात होती, छे, पुटपुटत होती, दार उघडं होतं, बंद होतं.
दिवा मात्र गेला नव्हता, चौघंही सांगतात.

मग मी त्याच्याकडेच गेले. वृद्धाश्रम, ट्रामचा शेवटचा थांबा.
ओताकार नाव. सफरचंद सोलत होता,
साल कुठे तुटू न देता.
पान तीन पुढ्यात ठेवलं.
दुसऱ्याचं पत्र चुकून फोडावं
तसा तो ते वाचत राहिला.
दिव्याचं काही बोलला नाही.
म्हणाला, फार गारठा होता हो त्या घरात.
नंतर तिला गरम पाणी मिळालं का?

माझं पुस्तक चारशे दहा पानांचं आहे.
त्यात हे नाही.

रात्री चौघांना फोन लावले.
तिघांना आठवेना. चौथी, ब्लाझेनाची धाकटी बहीण,
आधी हसली, मग खोकली :
पाणी कसलं, पाणी घातलं आणि अंगावर कणीकच झाली!
केसांतून, कानांमागून, काखेतून
उजाडेपर्यंत खरवडत होतो चमच्यानं,
शेजारीण किटल्या आणून देत होती
आणि शिव्याही.

अहवालात शेवटी लिहिलंय :
प्रयोगाचा कालावधी एक तास दहा मिनिटं.
आकडा मी खोडलाय.
समोर अजून काही लिहिलेलं नाही.