पेटीवरचा मजकूर

पेटी मडगावच्या मासळी बाजारातली, थर्माकोलची.
दोनदा साबणाने धुतली, एकदा लिंबाने,
तरी झाकण उघडलं की बांगडा.
रिबेलो सर म्हणाले, असू दे,
वर वास घ्यायला कोण आहे.

माझ्याकडे काम आलं मजकुराचं.
मराठी, कोकणी दोन्ही लिप्यांत, आणि कन्नड,
कारण वारा घाटापलीकडे नेईल की अलीकडे टाकेल
याचं गणित तीन जणांचं तीन प्रकारे येत होतं.
"घाबरू नका. ही पेटी विद्यापीठाची आहे.
सापडल्यास फोन करा."
खाली माझा नंबर.
आत काय आहे ते लिहायला जागा उरली नाही.

आत कॅमेरा, तापमापक,
माझ्या भावाच्या लोकरी मोज्यात दोन बॅटऱ्या
आणि कोरगुट भाताचे एकशेवीस दाणे.
खाजणाच्या खाऱ्या चिखलात तगणारं भात
तिथून आल्यावर उगवेल का,
इतकाच आमचा प्रश्न.

केप्याच्या सड्यावर, पाच चाळीस.
दाबोळीने दिलेली पंचवीस मिनिटं.
हेलियमचा सिलिंडर फोंड्याच्या मंडपवाल्याचा,
तोही आला होता शाल गुंडाळून,
"बारसं कुणाचं?" विचारत.
जॉयस्टनने हातमोजे घालून फुगा धरला होता
न्हाणीत घसरणाऱ्या आजोबांना धरावं तसा,
घट्ट, आणि दुखू नये इतका सैल.
सोडला तेव्हा टाळी कुणाचीच नाही.
दोरी गेली, हात वरच राहिले.

मग पडद्यावर आकडे.
बारा किलोमीटर, उणे एकावन्न.
फुगा वर मोठा मोठा होत जातो,
बाहेरून दाबून धरणारं काही उरत नाही म्हणून.
सत्तावीस हजार चारशे मीटर.
सत्तावीस हजार चारशे मीटर.
सत्तावीस हजार चारशे.
यशोधनने केबल काढून पुन्हा लावली.

नेत्रावळीच्या रानात चार दिवस शोधलं.
नवव्या दिवशी, ऐन परीक्षेत, फोन थरथरला.
तुळशी वेळीप.
"तुमची पेट मेळ्ळी. नुस्तें ना तातूंत."
मासे नव्हते, याचा थोडा राग होता आवाजात.
मी विचारलं, पुडी होती, दाण्यांची?
"भात आशिल्लें. पेरलें."

सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
मग म्हणाले, विचार, किती उगवले.

गेलो तर वायंगणाचा कोपरा हिरवा.
तिने आपल्या बियाण्यात मिसळून टाकलं होतं,
मूठभरासाठी वेगळा वाफा कोण करतो?
बोटभर रोपं, दाट.
मी वाकून पाहिलं, जॉयस्टनने पाहिलं,
कुठलं वर जाऊन आलंय
काही म्हणता काही कळेना.
तिने आम्हाला पेज दिली, वर लोणचं,
आणि पेटी ठेवून घेऊ का म्हणाली,
कोंबडी बसवायला बरी आहे.

आता दुसरी पेटी, तोच बाजार, तोच वास.
अक्षर बारीक केलंय, जागा पुरते.
"आत भात आहे. पेरू नये" असं लिहिलं,
खोडलं.
"पेरल्यास कळवावे."